आरएनेज एल डोक्यात बसत नसेल तर दोरा अन् कात्री घेऊन बसा

मी भुसावळला बीएस्सीच्या पोरांना शिकवतो आणि दरवर्षी पेपरात तेच एक वाक्य, आरएनेज एल (आपल्या पेशीतलं आरएनए कापणारं एन्झाइम) व्हायरसचा आरएनए कापतो, संपलं. चूक नाहीये ते, पण खरी गोष्ट कापल्यानंतर सुरू होते, म्हणून ही पद्धत सांगतो, घरी करून बघा.

शिवणकामाची जुनी कात्री घ्या, स्क्रू काढून दोन्ही पाती वेगळी करा. सुट्या पात्याने काही कापलं जात नाही ना, आरएनेज एल पेशीत असाच सुटा पडलेला असतो. आता लाल दोऱ्याचे दोन पदर पिळा, हा झाला दुहेरी आरएनए, बरेच व्हायरस स्वतःच्या कॉप्या काढताना तो तयार होतो. ओएएस नावाचं एन्झाइम हा पीळ ओळखतं, त्याला चिकटतं आणि एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूपासून २-५ए हा छोटा रेणू बनवायला लागतं. २-५ए म्हणजे तुमच्या हातातला स्क्रू, तो बसवा, झाली कात्री चालू.

इथे पोरं हमखास चुकतात, पिळलेला दोरा कापायला जातात. तो नाही, एकेरी दोरा कापायचा. त्यावर पेनाने यूयू, यूए ही आरएनएची अक्षरं लिहून ठेवा आणि त्यांच्या पुढे कापा, आरएनेज एलला त्याच जागा जास्त आवडतात. लालसोबत पांढरा दोराही कापा बरं का, पांढरा म्हणजे पेशीचा स्वतःचा आरएनए, प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमचासुद्धा, ही कात्री आपलं-परकं फारसं बघत नाही.

आता खाली पडलेले तुकडे झाडू नका! मला तर सगळ्या धड्याचा जीव यातच वाटतो. २००७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलं की पेशीच्या स्वतःच्याच आरएनएचे हे बारीक तुकडे रिग-आय आणि एमडीए५ या परका आरएनए ओळखणाऱ्या सेन्सरना जागं करतात, तिथून निरोप मायटोकॉन्ड्रियावरच्या एमएव्हीएस या प्रोटीनकडे जातो आणि इंटरफेरॉन-बीटा हे इतर पेशींना सावध करणारं प्रोटीन वाढतं. ते शेजारच्या पेशीला लागलं की तिथे ओएएस वाढतं, म्हणजे व्हायरस पोचायच्या आधीच शेजारी स्क्रू बनवायची तयारी झालेली असते.

शेवटी स्क्रू परत काढा, कारण कात्री चालूच राहिली तर पेशीच मरते. पेशीत हे काम पीडीई१२ नावाचं एन्झाइम करतं, २-५ए तोडून. उंदरांच्या एका कोरोनाव्हायरसने नेमकी हीच जागा पकडलीय, त्याचं एनएस२ प्रोटीन पण २-५ए तोडतं, मग कात्री जुळतच नाही.

रावेर-यावलकडच्या पोरांनी अजून एक करून बघा. केळीवर हरण्या रोग येतो तोही आरएनए व्हायरसचाच, पण झाडात इंटरफेरॉन नसतं, तिथली कात्री वेगळी, डायसर. ती पिळलेलाच दोरा कापते, २१ ते २४ अक्षरांचे तुकडे पाडते आणि तेच तुकडे धरून व्हायरसचा बाकीचा आरएनए शोधला जातो. तेव्हा यावेळी पीळ न सोडता कापा.