ब्रशने अरबी अक्षरं आणि मिक्स मीडिया: शिकणाऱ्यांनी या चुका टाळा

चित्र फसलं की दोष रंगाला किंवा कागदाला दिला जातो. अरबी अक्षरं घेऊन केलेल्या मिक्स मीडियात, म्हणजे रंग, शाई, कोलाज एकत्र वापरलेल्या चित्रात, खरा घोळ बहुधा त्याआधीच झालेला असतो. शब्द कानाने ऐकून लिहिलेला असतो, प्रिंट काढताना अक्षरं सुटी पडलेली असतात, नाहीतर शेवटच्या शिंतोड्यांत एखादा नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, जास्तीचा उमटलेला असतो. वर्ख लागून, फ्रेम होऊन, अरबी वाचणारा कुणी समोर उभा राहिला की मग ते उघड होतं. म्हणून इथे रंगाच्या आधी अक्षर घेतलं आहे.

उदाहरणाला एकच शब्द धरू: इनब, म्हणजे द्राक्षं. नाशिककराला विषय घरचाच, आणि अक्षरं तीनच. उजवीकडून डावीकडे ऐन, नून, बा. तिन्ही एकमेकांना जोडली जातात. नूनचा एक नुक्ता वर, बाचा एक खाली.

कानावर विसंबून शब्द उतरवणं

देवनागरीत जसं ऐकू येतं तसं लिहिता येतं, त्यामुळे मराठी माणसाची ही सवय पक्की असते. अरबीत ती अंगाशी येते. ऱ्हस्व स्वरांना तिथे स्वतंत्र अक्षर नाही. क़लम लिहायला क़ाफ, लाम, मीम एवढंच लागतं. मध्ये अलिफ घुसवला की स्वर दीर्घ होतो आणि शब्द बदलतो. काफ आणि क़ाफ आपल्या कानाला एकच वाटतात, पण क़ाफचा क़ल्ब म्हणजे हृदय आणि काफचा कल्ब म्हणजे कुत्रा. दिवाणखान्यात काय टांगायचं आहे ते आधी ठरवलेलं बरं. शम्स (सूर्य) या शब्दाआधी ‘अल’ हे उपपद आलं की उच्चार ‘अश्-शम्स’ होतो. लाम ऐकू येत नाही, तरी लिहावा लागतोच.

उपाय सोपा आहे. शब्द शब्दकोशातून घ्या, ॲपवर बोलून नव्हे. कागदावर अक्षरांची नावं क्रमाने मांडा आणि शेजारी नुक्त्यांचा हिशेब लिहा: ‘ऐन-नून-बा, वर १, खाली १’. ही चिठ्ठी काम संपेपर्यंत टेबलावर चिकटवून ठेवा. अख्खी वाक्यं किंवा सुविचार भाषांतराच्या ॲपमधून उचलू नका. व्याकरण कळेपर्यंत एक शब्द पुरे.

सुटी आणि उलटी अक्षरं

फोनवर नीट दिसणारा शब्द डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की कधीकधी अक्षरं सुटी होतात आणि क्रमही डावीकडून उजवीकडे लागतो. तीच प्रिंट गिरवली जाते. ओळखायची खूण अशी: इनबमध्ये तीन पूर्ण अक्षरं एकमेकांपासून लांब दिसली की प्रिंट रद्दीत टाका. फोटोशॉपची २०२२च्या आधीची आवृत्ती वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा (त्याहून जुन्या आवृत्तीत नाव थोडं वेगळं आहे) आणि नवा टेक्स्ट लेयर घ्या. कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात द्यायची फाइल पीडीएफ किंवा फोटो करूनच न्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर अरबी फाँट नसला की पुन्हा तेच.

मात्र प्रत्येक फट म्हणजे चूक नव्हे. अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ा आणि वाव ही सहा अक्षरं पुढच्या, म्हणजे डावीकडच्या अक्षराला जोडली जात नाहीत. ‘नूर’ लिहिताना नून वावला जोडला जातो, वाव आणि रा यांच्यात फट राहते. ती फट ब्रशने भरून काढणं ही शिकणाऱ्यांची नेहमीची ‘दुरुस्ती’, आणि ती शब्दच मोडते. लामनंतर लगेच अलिफ आला की त्यांचं जोडअक्षर करावंच लागतं.

आणखी एक: स्क्रीनवरचे साधे फाँट गिरवू नका. त्यांची रेघ बहुतेक एकाच जाडीची असते, ब्रश कुठे वळला ते त्यातून कळत नाही. नस्ख या साध्या, वाचायला सोप्या अरबी शैलीचा हाताने लिहिलेला नमुना समोर ठेवा.

उर्दू पाटी बघून अरबी लिहिणं

नाशिक जिल्ह्यात हा मोह सहज होतो, कारण मालेगावात उर्दू पाट्या पावलोपावली आहेत. पण उर्दू प्रामुख्याने नस्तालिक या शैलीत लिहितात. त्यात शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो. नस्खमध्ये अक्षरं एका सरळ रेघेवर बसतात. दोन्हींची सरमिसळ केली की शब्द निम्मा घसरलेला दिसतो. शिवाय पे, चे, टे, गाफ ही अक्षरं अरबी वर्णमालेच्या २८ अक्षरांत नाहीत, आणि उर्दूची बडी ये अरबी शब्दाच्या शेवटी चालत नाही. दो-चश्मी हे उर्दूत महाप्राण दाखवते. तसाच आकार अरबीत साध्या ‘हा’चा असतो.

तपासून घेताना ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारू नका. भिडेखातर लोक मान डोलावतात. अर्थ न सांगता फोटो पुढे करा आणि ‘वाचून दाखवा’ म्हणा. वाचणारा अडखळला तर कुठे अडखळला ते अक्षर टिपून घ्या. उर्दू वाचणाऱ्यापेक्षा अरबी शिकवणारा माणूस इथे जास्त कामाचा.

शिंतोडे, थेंब आणि नुक्ते

मिक्स मीडियात सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. ब्रश झटकून शिंतोडे उडवायला सगळ्यांनाच आवडतं, पण अरबीत ठिपका म्हणजे अक्षराचा अवयव. इनबमधला नून शब्दाच्या मध्ये येतो तेव्हा त्याचा फक्त एक दात, म्हणजे छोटा उंचवटा, उरतो. त्या दातावर एक नुक्ता असला तर नून. शेजारी अजून एक थेंब पडला की तो ता होतो आणि शब्द होतो अतब, म्हणजे ठपका. वरचा नुक्ता कोलाजखाली दबला आणि दाताखाली दोन ठिपके आले, तर ऐब. तो शब्द मराठीतही त्याच अर्थाने आहे, सांगायला नकोच.

म्हणून शिंतोडे अक्षराच्या आधी. पार्श्वभूमीवर उडवा, सुकू द्या, मग शब्दाची जागा पेन्सिलने आखून त्या पट्ट्यात आलेले थेंब पार्श्वभूमीच्या रंगाने बुजवा. अक्षरानंतर उडवायचेच असतील तर शब्दाच्या सगळ्या बाजूंनी किमान दोन ब्रशरुंदी जास्त असा जाड कागद कापून झाकण करा. शिंतोड्यांचा रंग अक्षराच्या रंगापेक्षा स्पष्ट फिका ठेवा. काळं अक्षर आणि काळेच शिंतोडे हा संयोग टाळलेलाच बरा, मग तो कितीही ‘कलात्मक’ वाटो.

नुक्ता काढायचीही रीत आहे. गोल ब्रशने टिपका दिला की वाटोळा डाग होतो. चपटा ब्रश अक्षर लिहिताना ज्या कोनात होता त्याच कोनात टेकवा आणि एक ब्रशरुंदी ओढून उचला, तिरका चौकोन उमटतो. नुक्ते पूर्ण शब्द लिहून झाल्यावर, त्याच ब्रशने. ज़बर, ज़ेर, पेश (ऱ्हस्व स्वरांच्या खुणा) मात्र बारीक ब्रशने, मुख्य ब्रशच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुंदीचा.

माप न घेता कागदावर उतरणं

नुक्त्याने अक्षर मापायच्या पद्धतीचं श्रेय बगदादचा वजीर इब्न मुक़्ला (मृत्यू इ.स. ९४०) याला दिलं जातं. ती ब्रशलाही लागू पडते. १२ मिलिमीटर रुंद ब्रशचा नुक्ता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे १७ मिलिमीटर भरतो. नस्खचा अलिफ साधारण ५ नुक्ते उंच, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. सुलुस या उंच अक्षरांच्या शैलीचा साधारण ७ नुक्ते, म्हणजे १२ सेंटिमीटर. त्याखाली लोंबणाऱ्या भागासाठी जागा वेगळी. आडव्या ए३ कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर असते. वर-खाली चार-चार सेंटिमीटर समास सोडला की १२ मिलिमीटरचा ब्रश तिथे पुरतो, २५चा मावत नाही. आधी त्याच आकाराच्या कोऱ्या स्वस्त कागदावर पूर्ण शब्द लिहून बघा. शब्द उजवीकडून सुरू होतो आणि शेवटचं अक्षर डाव्या कडेला चेपतं, ही तक्रार याच एका कारणाने येते.

ब्रश आणि रंगाचा दाटपणा

ब्रशने अरबी लिहिणं नवं नाही; चीनमधल्या मुस्लिमांची सिनी शैली ब्रशवरच घडली. पण बोरूची टोकदार कड ब्रशला आपोआप येत नाही. खारीच्या केसांचा मऊ ब्रश पाणी छान धरतो आणि वळणावर लोळतो. शिकताना सिंथेटिक चपटा घ्या. प्रत्येक रेघेआधी रंगात बुडवून ताटलीच्या काठावर दोन्ही बाजूंनी पुसा, कड सुरीसारखी चपटी व्हायला हवी.

ट्यूबमधला ॲक्रेलिक दोन भाग, पाणी एक भाग, इथून सुरुवात करा. पाणी रंगापेक्षा जास्त झालं की रंग धरून ठेवणारा बाइंडर पातळ पडतो आणि सुकल्यावर रंग बोटाला लागतो. चाचणी: एका दमात १५ सेंटिमीटरची आडवी रेघ ओढा. आठ-दहा सेंटिमीटरवरच कोरडी फाटली तर रंग दाट आहे, कडा पसरल्या तर पातळ. रेघ ढकलू नका, ओढा. ढकलली की केस फाकतात. वळणावर अडलं तर ब्रश उचलून पुन्हा टेकवा. अरबी लिहिताना हात उचलणं गैर नाही, उलट बऱ्याच अक्षरांत ते लागतंच.

थरांचा क्रम

कागद जाड, ३०० जीएसएमचा. त्यावर पाण्याचे रंग, मग कोलाज, मग मॅट मीडियमचा (बिनचकाकीच्या पारदर्शक ॲक्रेलिकचा) पातळ हात, मग अक्षर. गुळगुळीत, चकचकीत ॲक्रेलिकवर शाई मण्यांसारखी गोळा होते. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, चिमूटभर टाल्कम पावडर चोळून झटका, मग लिहा. उलट जेसोचा (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचा) एकच कच्चा हात असेल तर तो रंग शोषून घेतो आणि ब्रश अडखळतो. दोन हात द्या, मध्ये घासा. ऑइल पेस्टल नेहमी शेवटी, कारण मेणावर शाई धरत नाही. कोलाजला फेव्हिकॉल वापरत असाल तर दोन भागाला एक भाग पाणी, आणि कोलाजच्या तुकड्याला व खालच्या कागदाला दोन्हीकडे लावा. फुगे तिथूनच टळतात.

कोलाजसाठी उर्दू किंवा अरबी रद्दी फाडताना मात्र थांबा. वर्तमानपत्रात, पाठ्यपुस्तकात, लग्नपत्रिकेत कुराणातली आयत किंवा अल्लाहचं नाव असू शकतं. वाचता येत नसेल तर तो कागद कात्रीखाली घेऊ नका. आयत, बिस्मिल्लाह हे सरावाचे शब्दही नव्हेत. पाणी, द्राक्षं, नदी, प्रकाश यांत हात बसू द्या.

नाशिकची हवा

एप्रिल-मे मध्ये पंख्याखाली ॲक्रेलिक ब्रशवरच सुकतो. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवा. पावसाळ्यात त्रास उलटा. कागद दमट राहतो, शाईला मिशा फुटतात. काम सुरू करण्याआधी कागद दोन दिवस कोरड्या खोलीत सपाट ठेवा. पिठाची खळ या दिवसांत लावू नका, बुरशी धरते. स्प्रे वार्निश पावसाच्या दिवशी मारलं की पांढरट धुकं उतरतं. उघडीप बघून, सुमारे ३० सेंटिमीटरवरून, दोन पातळ हात मारा. ब्रशने वार्निश लावाल तर शाई ओढली जाईल, पहिला हात स्प्रेचाच.

नकली सोनेरी वर्ख तांबं-जस्ताचा असतो आणि उघडा राहिला की काळपटतो, त्यामुळे त्यालाही वार्निश हवं. अर्धवट सुकलेल्या ॲक्रेलिकवर वर्ख नको तिथे चिकटतो. अक्षर रात्रभर सुकू द्या.

शेवटी फ्रेमवाला. त्याला अरबी वाचता येत असेलच असं नाही. पाठीवर बाण काढून ‘वर’ असं मराठीत ठळक लिहा, आणि काचेपासून अक्षर दूर राहावं म्हणून माउंट (काच आणि चित्र यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) मागून घ्या.