ट्रान्झिशन कर्व्हची लांबी: आधी विचारा, रस्ता कुठल्या रेषेभोवती फिरवलाय?

ट्रान्झिशन कर्व्ह म्हणजे सरळ रस्ता आणि गोल वळण यांना जोडणारा, हळूहळू वळत जाणारा भाग. त्याची तीन अटींवर लांबी काढायची आणि सगळ्यांत मोठी घ्यायची, एवढं तुम्हाला येतं असं धरतो. मी बराच काळ अडकलो तो दुसऱ्या अटीत, सुपरएलिव्हेशन (वळणावर रस्त्याला आतल्या बाजूला दिलेला उतार) चढवण्याच्या. म्हणून तिच्यावरच जास्त बोलणार आहे.

सपाट भागातला दोन पदरी रस्ता घ्या. वेग ताशी 80 किमी, त्रिज्या 300 मीटर. सुपरएलिव्हेशन साडेनऊ टक्के येतं, म्हणून कमाल 7 टक्के धरायचं. घर्षण 0.098 लागतं, ते 0.15 च्या आत आहे. पहिली अट, केंद्रोत्सारी (बाहेर फेकणारं) त्वरण हळूहळू वाढावं ही, 71 मीटर देते; तिसरी, आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेसचं) 2.7 × वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र, 57.6.

आता दुसरी अट. रुंदी 7 मीटर, वळणावरचं जादा रुंदीकरण 0.6, चढ 150 ला 1 (कड 1 मीटर उचलायला 150 मीटर लांबी). 0.07 × 150 × 7.6, म्हणजे 80 मीटर. पण हे रस्ता आतल्या कडेभोवती फिरवला तरच! मध्यरेषेभोवती फिरवलात तर बाहेरची कड निम्मीच उचलायची असते. लांबी 40 वर येते आणि उत्तर पहिल्या अटीचं, 71 मीटर होतं.

आकडे सोडा, कडा डोळ्यांसमोर आणा. आतली कड स्थिर ठेवली तर बाहेरची 53 सेंमी वर जाते. मध्यरेषा स्थिर ठेवली तर बाहेरची 27 सेंमी वर, आतली 27 सेंमी खाली. सपाट, भरपूर पावसाच्या मुलखात रस्ता भरावावर नसेल, तर त्या खाली गेलेल्या कडेला पाणी तुंबणारच. तिथे आतली कडच धरा, लांबी वाढली तरी.

क्लासमध्ये वाटतात ते सूत्रांचे तक्ते मला मनापासून नकोसे वाटतात. त्यांत ‘भागिले 2’ असतं, कधी भागायचं ते नसतं. शंका आली तर साइटवर लेव्हल घेणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा, तो कड दाखवून सांगेल.

घाबरू नका, रेल्वेत हा घोळ नाही. आतला रूळ पातळीत ठेवून बाहेरचाच उचलतात, त्यामुळे पूर्ण कँट (बाहेरच्या रुळाची जादा उंची) मोजायचा. 0.008 × कँट × वेग, 0.008 × कँट डेफिशियन्सी (त्या वेगाला लागणाऱ्या कँटपेक्षा जेवढा कमी दिला तो) × वेग आणि 0.72 × कँट, यांतली मोठी लांबी. कँट मिलिमीटरमध्ये, वेग ताशी किमीत, उत्तर मीटरमध्ये. 0.008 हा आकडा सेकंदाला 35 मिमी या मर्यादेतून येतो, 0.72 हा 720 ला 1 या चढातून. एकदा स्वतः काढून बघा, पुन्हा विसरणार नाही. कँट 100, डेफिशियन्सी 75, वेग 100 असेल तर 80, 60 आणि 72. घ्यायची 80.

घाटरस्त्यावर चढ 60 ला 1 आणि तिसरं सूत्र नुसतं वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. तिथे 150 घालून लांबी फुगवू नका.

आणि लांबी ठरली की लगेच शिफ्ट (ट्रान्झिशन बसवायला गोल वळण जेवढं आत सरकतं ते अंतर) काढा. वरच्या रस्त्यात 80 मीटरला शिफ्ट 89 सेंमी येते, 71 ला 70. भूसंपादनाची हद्द आखून झाल्यावर हे 19 सेंमी मागायला गेलात तर कुणी देत नाही.