टर्मिनलमधले शॉर्टकट: अलायस कुठे पुरतो, फंक्शन कुठे लागतं

अलायस म्हणजे लांब कमांडला दिलेलं छोटं नाव, फंक्शन म्हणजे एका नावाखाली लिहिलेल्या कमांड. दोन्ही शेलच्या (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायचे. तुमचा शेल बॅश असेल तर होम फोल्डरमधली .बॅशआरसी उघडा, झेडशेल असेल तर .झेडएसएचआरसी. मॅकवर 2019च्या कॅटॅलिना आवृत्तीपासून आपोआप झेडशेल मिळतो.

अलायस एका ओळीत होतो: 'अलायस' हा शब्द, नाव, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात कमांड. चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. नाव ठरवण्याआधी 'टाइप' कमांडने ते मोकळं आहे का बघा. गिट स्टेटससाठी (कोडमधले बदल दाखवणाऱ्या कमांडसाठी) अनेकजण 'जीएस' घेतात, पण ते घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या कमांडचं नाव आहे.

आता अवतरणचिन्हं. इथे मी कामाच्या फाइली गमावल्या आहेत. बॅकअपसाठी टारचा (अनेक फाइली एका फाइलमध्ये बांधणाऱ्या कमांडचा) अलायस केला होता, फाइलच्या नावात आजची तारीख यावी म्हणून $(...)मध्ये डेट कमांड घातली, आणि सगळं दुहेरी अवतरणात लिहिलं. दुहेरी अवतरणातली $ची किंमत शेल अलायस वाचतानाच ठरवून टाकतो. टर्मिनल सोमवारी उघडलं ते शुक्रवारपर्यंत बंदच केलं नाही. पाचही दिवसांचे बॅकअप सोमवारच्या नावाने एकावर एक लिहिले गेले. बुधवारची प्रत हवी होती, ती कुठेच नव्हती. म्हणून अलायसला कायम एकेरी अवतरण द्या.

आणखी एक चूक म्हणजे 'अलायसमध्ये $1 वापरा' हा सल्ला. $1 म्हणजे पहिलं आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडच्या नावापुढे दिलेला पहिला शब्द. अलायसला आर्ग्युमेंट कळतच नाहीत. तो फक्त मजकूर बदलतो, आणि तुम्ही पुढे जे टाइप कराल ते शेवटी जोडलं जातं. 'फोल्डर बनव आणि त्यात जा' असा अलायस करून बघा: $1 रिकामा राहतो, फोल्डर बनवणारा एमकेडीआयआर नावच मिळालं नाही म्हणून थांबतो. मधे कुठेही आर्ग्युमेंट हवं असेल तर फंक्शनच लिहा. नाव, त्याला लागून रिकामा गोल कंस, मग महिरपी कंसात दोन्ही कमांड, मधे && (पहिली जमली तरच दुसरी चालवणारं चिन्ह). इथे मात्र "$1" दुहेरी अवतरणातच हवं. नाहीतर बॅशमध्ये 'नवी मुंबई'च्या जागी दोन फोल्डर तयार होतील, 'नवी' आणि 'मुंबई'. सगळी आर्ग्युमेंट पुढे पाठवायची तर "$@".

फंक्शनला मूळ कमांडचंच नाव दिलंत तर आत त्या कमांडआधी 'कमांड' हा शब्द लिहा. नाहीतर ते स्वतःलाच बोलावत राहील.

फाइल सेव्ह करून 'सोर्स' कमांडने ती चालू टर्मिनलमध्ये पुन्हा वाचायला लावा. अलायसचं फंक्शन केलं असेल तर आधी 'अनअलायस' करा: फाइलमधून ओळ काढली तरी चालू टर्मिनलमध्ये जुना अलायस जिवंत असतो, आणि शेल फंक्शनच्या नावाच्या जागी त्याचाच मजकूर घालतो.