विकतच्या ओतीव शिशाच्या गोळ्या निवडताना
अमेरिकेत घरी काडतुसे भरणाऱ्याने विकतच्या ओतीव शिशाच्या गोळ्या मागवताना किमतीआधी व्यास पाहावा. त्यासाठी मऊ शिशाचा तुकडा बंदुकीच्या तेल लावलेल्या, रिकाम्या नळीतून ठोकत बाहेर काढावा आणि त्याचे सर्वांत मोठे माप मायक्रोमीटरने घ्यावे. गोळी त्याहून साधारण 0.001 इंच जाड हवी, म्हणूनच 0.357 इंची नळीला 0.358 इंची गोळी घेतात. मिश्रधातू जितका कठीण तितका माल उत्तम, हा समज मला साफ चुकीचा वाटतो, कारण कमी दाबाच्या भरणीत, म्हणजे काडतुसातील दारूचा जोर कमी असताना, अतिकठीण गोळी पुरेशी फुगत नाही, तिच्या कडेने तप्त वायू निसटतो आणि नळीत शिसे साचते. गोळीचे बूड सपाट, कडा रेखीव आणि खाचा वंगणाने पूर्ण भरलेल्या असाव्यात. गोळ्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.