लातूर-नांदेडहून जर्मनीत मास्टर्सला: आधी पत्त्याचा कागद, मग बाकीचं

विद्यापीठ कसं निवडायचं यावर सल्ला देणारे आता प्रत्येक तालुक्यात भेटतात. प्रवेशपत्र हातात पडल्यानंतरच्या सहा महिन्यांबद्दल मात्र कोणी नीट सांगत नाही, आणि मराठवाड्यातली पोरं अडकतात ती नेमकी तिथंच. म्हणून हे लिखाण प्रवेश मिळालेल्यांसाठी आहे.

सुरुवात पैशापासून. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. दर सत्राला साधारण 100 ते 400 युरो 'सेमेस्टरबायट्राग', म्हणजे सत्राची वर्गणी, तेवढी भरायची. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य याला अपवाद आहे. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग अशा ठिकाणी युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही 2024 च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केलंय. व्हिसासाठी 'श्पेरकोंटो' लागतं. हे एक गोठवलेलं खातं असतं. त्यात वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच भरून ठेवायचे आणि तिकडं गेल्यावर महिन्याला 992 युरो हातात येतात.

आता बँकेत काय होतं ते बघा. शाखाधिकारी पहिल्यांदा 'फी स्ट्रक्चर' मागतो. विद्यापीठाच्या पत्रात फी शून्य. मग तो विचारतो, फीच नाही तर कर्ज कशाला? तालुक्याच्या शाखेत अशी फाईल क्वचितच येते, त्यामुळं बिचाऱ्याचंही फार चुकत नाही. अर्जात राहण्या-जेवणाचा खर्च आणि श्पेरकोंटो हे वेगळं कलम दाखवा, खातं देणाऱ्या संस्थेचं रक्कम भरण्याचं पत्र जोडा, आणि जमलं तर फाईल थेट जिल्ह्याच्या कर्ज प्रक्रिया केंद्रात द्या. दुसरी अडचण तारणाची. बँकांच्या नेहमीच्या योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, 7.5 लाखांपर्यंत जामीनदार चालतो, त्यापुढं स्थावर तारण मागतात. इथं घरी पंधरा एकर काळी जमीन असूनही उपयोग होत नाही, कारण बँकांच्या वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली करता येत नाही. सातबारा घेऊन चकरा मारू नका. एनए (बिगरशेती) झालेला प्लॉट, मंजूर नकाशाचं घर किंवा मुदत ठेव लागते. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर आधी तो नियमित करून घ्यावा लागतो. त्याला काही महिने सहज जातात, म्हणून प्रवेशाची वाट न बघता ते काम लावून द्या. पंख्याखाली बसून 'बघू, होईल' म्हणणारे इथंच एक सत्र गमावतात.

एपीएस प्रमाणपत्राचंही तेच. तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासून खरी असल्याचा हा दाखला. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्याला व्हिसासाठी ते सक्तीचं आहे, शुल्क 18,000 रुपये. दहावी-बारावीच्या सनदा, प्रत्येक सत्राची गुणपत्रिका आणि पदवी असं सगळं लागतं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून एखादी हरवलेली गुणपत्रिका काढायला किती दिवस लागतात हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नावाकडं लक्ष द्या. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये तुमचं आणि वडिलांचं नाव एकत्र, 'सरनेम' वेगळं. जर्मनीत सगळीकडं पासपोर्टची अक्षरं चालतात. तिकीट, विमा, श्पेरकोंटो, भाडेकरार, चारही ठिकाणी तीच स्पेलिंग आणि तोच क्रम ठेवा. जन्मगावाचंही तसंच. पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल तर फॉर्मवर तेच लिहायचं, मग आधारवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव आलेलं असो. दोन कागदांवर दोन गावं दिसली की तिकडचा कारकून थांबतो. तो भांडत नाही, फाईल बाजूला ठेवतो. ते जास्त वाईट.

सामानात काय न्यायचं यावर घरचे दोन महिने चर्चा करतात, तेव्हा थोडक्यात. दूध आणि मांसापासून बनलेलं काही नेता येत नाही: तूप, खवा, पेढे, पनीर विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको. येसर, काळा मसाला, कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या, मात्र तेल सुटणार नाही अशी दुहेरी बांधून. ज्वारीचं पीठ ओझं करून नेऊ नका, मोठ्या शहरात भारतीय दुकानांत मिळतं. भाकरीचा तवा सपाट बुडाचा, लोखंडी घ्या. तिकडं गॅस कमी, विजेच्या शेगड्या जास्त, आणि इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापतच नाही. कुकरही स्टीलच्या सपाट बुडाचा. वीज 230 व्होल्टच आहे, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग बसत नाही, दोन ॲडाप्टर ठेवा. जाड जॅकेट इकडून घेऊ नका. आपल्या बाजारातलं जॅकेट आपल्या थंडीचं असतं.

तिकडं उतरल्यावर

आपल्याकडं फेर मंजूर झाल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव लागत नाही, आणि नाव लागल्याशिवाय पीक कर्जापासून अनुदानापर्यंत काहीच हलत नाही. जर्मनीत ही जागा 'आनमेल्डुंग'ची आहे, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे. मोठ्या शहरांत त्या मुदतीतली वेळच मिळत नाही, म्हणून तिकीट काढल्याबरोबर ऑनलाइन वेळ शोधायला लागा. सकाळी लवकर रद्द झालेल्या वेळा परत दिसतात. सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाची सही असलेलं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. नाव वाचतानाच दम लागतो, पण कागद साधा आहे: हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरात राहतो, एवढंच. भाडेकरार दाखवून चालत नाही, हाच कागद लागतो.

गोची अशी, की पहिले काही आठवडे हॉटेलात किंवा मित्राच्या खोलीत काढणाऱ्याला हा कागद कोणी देत नाही. कागद नाही म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, आणि खातं नाही तोवर श्पेरकोंटोतले 992 युरो सुटत नाहीत. तुमचेच अकरा हजार युरो तिथं पडून आणि तुम्ही ब्रेड मोजून खाताय, अशी अवस्था दर ऑक्टोबरला कोणाची तरी होते. त्यासाठी दोन गोष्टी करा. खोली घेताना पहिला प्रश्न 'आनमेल्डुंग करता येईल का' हाच विचारा. आणि श्पेरकोंटोच्या बाहेर 1,500 ते 2,000 युरो फॉरेक्स कार्डवर ठेवा, कारण अनामत आणि पहिलं भाडं त्या 992 मध्ये बसत नाही.

खोलीसाठी प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी 'श्टुडिरेंडेनवेर्क' या विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहाला अर्ज टाका. यादी लांब असते, पण भाडं सगळ्यात कमी तिथंच. खाजगी खोलीत 'काल्ट' भाडं म्हणजे नुसत्या जागेचं आणि 'वार्म' म्हणजे हीटिंग-पाण्यासकट. वीज आणि इंटरनेट बरेचदा त्याहूनही वेगळं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्यानं आहे. 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टानं येईल' असं लिहिणारा घरमालक हा घरमालक नसतो. खोली कोणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

राहायला गेलात की त्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. हे क्षुल्लक वाटतं. पण तिथं सरकार, बँक, विमा कंपनी, सगळे पत्र पाठवतात, आणि पेटीवर नाव नसलं की पोस्टमन ते परत नेतो. एटीएमचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, अकरा अंकी टॅक्स नंबर तिसऱ्यात. तो नंबर आनमेल्डुंगनंतर काही आठवड्यांत आपोआप येतो. कामाला लागलात की मालक तो मागतो. एक पत्र असंही येईल ज्यात महिन्याला 18.36 युरो मागितलेले असतील. हा रेडिओ-टीव्हीचा कर आहे, घरात टीव्ही नसला तरी भरावा लागतो. तो घरामागं एकच असतो, माणसामागं नाही. चौघं राहत असाल तर एकानं भरायचा, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. फसवणूक समजून फेकून दिलात तर वसुली येते.

आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठ नाव नोंदवून घेत नाही. तीस वर्षांच्या आत असाल तर सरकारी योजनेत विद्यार्थी दरानं घ्या, महिन्याला साधारण 140-150 युरो. खाजगी विमा स्वस्त दिसतो म्हणून घेतलात, तर सरकारी विम्यातून सूट घ्यावी लागते आणि शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दर मिळत नाही. त्यांनी निघण्याआधीच हिशोब करावा. रात्री-अपरात्री ताप आला तर 116117, जिवावरचं असेल तर 112.

निवास परवान्यासाठी व्हिसा संपायच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे. भेटीची वेळ नंतरची मिळाली तरी चालते, अर्ज मात्र आधी गेलेला असावा, आणि त्याची पोच जपून ठेवावी. तात्पुरता कागद म्हणून 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' मागून घ्या.

घर सांभाळणं

हे वेगळं सांगायचं कारण म्हणजे अनामतीतून जे पैसे कापले जातात, त्यात बुरशीचा वाटा मोठा असतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला भिंत आतून घाम गाळते हे डोक्यातच येत नाही. थंडीत खिडक्या बंद, आत वरण शिजतंय, अंघोळीची वाफ, खोलीतच वाळत घातलेले कपडे. ती सगळी वाफ थंड बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः कपाटामागच्या कोपऱ्यात बसते आणि काळे ठिपके येतात. उपाय जर्मन लोकांचाच: दिवसातून दोन-तीनदा पाच ते दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची, त्या वेळी हीटर बंद, मग परत लावायचा. खिडकी नुसती वरून तिरकी करून दिवसभर ठेवणं वाईट; भिंत गार पडते आणि बिलही वाढतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. बाहेर जाताना हीटर शून्यावर आणू नका. घर ताब्यात घेताना प्रत्येक डागाचा फोटो काढून 'युबरगाबेप्रोटोकोल'वर, म्हणजे घराच्या ताब्याच्या नोंदीवर, सही घ्या, नाहीतर आधीच्या भाडेकरूचे डाग तुमच्या नावावर चढतात.

फोडणी देताना पंखा लावून, दार बंद करून द्या. मिरचीच्या ठसक्यानं धुराचा अलार्म वाजतो. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची, त्यामुळं चटणी वाटायचा मिक्सर शनिवारीच. रविवारी दुकानंही बंद असतात. पाण्याच्या बाटलीमागं 25 सेंट आधीच घेतलेले असतात, बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळतात. बस-ट्रेनमध्ये तिकिटाशिवाय सापडलात तर 60 युरो दंड.

विद्यापीठात

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. आपल्याकडं परीक्षेचा फॉर्म कॉलेज भरून घेतं, तारीख गेली तर लेट फी असते. तिकडं प्रत्येक विषयाची परीक्षा पोर्टलवर स्वतः नोंदवायची, आणि मुदत संपली की त्या सत्रात ती परीक्षा नाही. नोंदवून वेळेत रद्द न करता गैरहजर राहिलात तर 5.0, म्हणजे नापास. तिथं 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 पर्यंत पास. घरी फोनवर 'दोन पॉइंट मिळाले' म्हणालात तर आई घाबरेल. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीन प्रयत्न असतात. तिसऱ्यातही गेलात तर अभ्यासक्रमातून नाव कमी होतं, आणि तोच विषय जर्मनीत दुसरीकडंही घेता येत नाही. एटीकेटीची सवय इथं महागात पडते. हजेरी बहुधा कोणी घेत नाही आणि पूर्ण गुण शेवटच्या एका पेपरवर असतात, म्हणून डिसेंबरपर्यंत सगळं निवांत वाटतं. सत्राला 30 क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचा अभ्यास. पहिल्या सत्रात चारच विषय नीट करा, बाकी पुढं ढकलता येतात.

काम वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस करता येतं. विद्यापीठातली 'हिवी' म्हणजे सहायकाची नोकरी या मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळं प्राध्यापकांना पहिल्याच महिन्यात विचारा. 1 जानेवारी 2026 पासून किमान वेतन ताशी 13.90 युरो आहे. डिलिव्हरीचं काम 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणून देणारे भेटतील. विद्यार्थी परवान्यावर ते चालत नाही, आणि पकडले गेलात तर परवान्यावर येतं. गोदामात काम मिळायलाही थोडी जर्मन लागते. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी ए2 पातळीपर्यंत (सुरुवातीची दुसरी पायरी) जर्मन इकडूनच शिकून या.

आणि दर सत्राला 'र्युकमेल्डुंग', म्हणजे पुढच्या सत्रासाठी सेमेस्टरबायट्राग मुदतीत भरून परत नाव नोंदवणं. बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला आणि उन्हाळी 1 एप्रिलला सुरू होतं, पण पैसे भरायची मुदत त्याच्या बरीच आधी असते. तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पहिल्याच आठवड्यात शोधून मोबाईलमध्ये टाकून ठेवा, आणि पैसे भरताना मॅट्रिकल नंबर (विद्यापीठानं दिलेला विद्यार्थी क्रमांक) लिहायला विसरू नका. नंबराविना आलेली रक्कम कोणाची हे त्यांना कळत नाही.