डॅशबोर्डवरचे सगळे काटे एकदम नाचायला लागले तर आधी अर्थिंग बघा

आमची मॅटाडोर व्हॅन १९८९ ची, आकुर्डीला बनलेली. मागे दोन बंक, ओटा आणि पाण्याची टाकी आम्ही घरीच बसवली. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी उतरताना हेडलाइट लावला की डिझेलचा काटा खाली बसायचा, आणि इंडिकेटर दिला की टेम्परेचरचा काटाही त्याच्याबरोबर उडायचा. एका वायरमनने मीटर बदलायला सांगितलं. त्यापायी नाना पेठ पालथी घातली, जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. मीटर मुळात ठणठणीत होता.

एकच काटा बिघडला असेल तर त्याचा सेंडर (टाकीत किंवा इंजिनवर बसवलेला, काट्याला माप पाठवणारा भाग) आणि त्याची वायर तपासा. दोन-तीन एकदम बिघडले तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधा: फ्यूज किंवा अर्थ, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४. हे ठीक असेल तर काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब डॅशबोर्डवरच्या मीटरच्या अर्थ टर्मिनलला लावा. प्रोब पुरत नाही, दोन-तीन मीटर वायर जोडून घ्या. किल्ली ऑन करून हेडलाइट लावा. आकडा शून्याजवळ राहायला हवा. ०.२ च्या वर गेला तर अर्थ कमजोर आहे. माझ्याकडे १.९ आला!

मग बॅटरीचा निगेटिव्ह काढला (डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी हे करायचंच) आणि टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. वायपर मोटरच्या बाजूला एका स्क्रूखाली चार अर्थ वायरी एकत्र आवळलेल्या. थिंबलवर (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवी पूड, खालचा पत्रा गंजलेला, आणि एक वायर बोट लावताच तुटून हातात आली. पत्रा काच पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन थिंबल लावले, वरून व्हॅसलिन फासलं आणि एक जाड वायर थेट चासीला टाकली. पुन्हा मोजलं तर ०.०५.

फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज कधीही घालू नका, वायर पेटते. कॅम्परमध्ये हमखास दिसणारी चूक म्हणजे आतला पंखा आणि मोबाइल चार्जर डॅशबोर्डच्या वायरीतून घेणं. त्यांना मागच्या सामानासाठी ठेवलेल्या दुसऱ्या बॅटरीवरून वेगळी लाइन द्या, आणि तिचा फ्यूज त्या बॅटरीजवळच बसवा.

किल्ली टाकल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागलाच नाही तर बल्ब बघा. आमच्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) सुरुवातीचा करंट त्या बल्बातूनच मिळतो. बल्ब गेला की चार्जिंग सुरूच होत नाही.

आणि पत्रा गंजवणारं पाणी कुठून आलं ते शोधा. बायको टॉर्च घेऊन आत बसली, मी बाहेरून पुढच्या काचेवर तांब्याने पाणी ओतत गेलो. तिसऱ्या तांब्याला डाव्या कोपऱ्यातल्या रबरामागून थेंब नेमका त्या स्क्रूवर पडला.