नोव्हगोरोदची मध्ययुगीन चर्च कशी पाहावीत: मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

वेलिकी नोव्हगोरोदला जायचे असेल तर तयारी अंबरनाथला करावी, असे मी रशियाला निघालेल्या प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेकांना ती थट्टा वाटते. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. नोव्हगोरोदचे संत सोफियाचे कॅथेड्रल १०४५ ते १०५० या काळात बांधले गेले. दोन्ही वास्तू एकाच पिढीतल्या. एखाद्या सकाळी मध्य रेल्वेने अंबरनाथ गाठावे, मंदिराला सावकाश एक फेरी मारावी आणि एवढेच टिपावे की देवदेवतांची, अप्सरांची आणि हत्तींची बहुतेक गर्दी बाहेरच्या भिंतींवर आहे. पायऱ्या उतरून गर्भगृहात गेल्यावर मात्र अंधार आणि साधा दगड आहे. नोव्हगोरोदला नेमके उलटे पाहायचे असते. तिथे बाहेरची भिंत जवळजवळ कोरी असते आणि चित्रे आत, डोक्यावरच्या घुमटापर्यंत चढत गेलेली असतात. हे आधी ठाऊक नसले, तर पांढऱ्या भिंती बघून ‘सगळी सारखीच दिसतात’ असे म्हणत माणूस तासाभरात परततो.

प्रवासाची बाजू थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर रशियाचा ई-व्हिसा ऑनलाइन अर्ज करून मिळतो. किती दिवसांचा आणि कोणत्या नाक्यांवर चालतो, हे तिकीट काढण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर तपासावे. आपल्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत, त्यामुळे रोख रकमेची सोय करूनच निघावे. सेंट पीटर्सबर्गपासून शहर सुमारे १९० किलोमीटरवर आहे आणि थेट रेल्वेने साधारण तीन तास लागतात. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. मात्र एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नये. दोन रात्री तरी तिथे काढाव्यात. त्याचे कारण पुढे येईलच.

वोल्खोव नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेला सोफिया बाजू, तिथे लाल विटांच्या तटाचा किल्ला आणि त्याच्या पोटात कॅथेड्रल. पूर्वेला व्यापारी बाजू, तिथे बाजारपेठेची आणि गल्ल्यांची चर्च. पहिला दिवस किल्ल्याला द्यावा.

कोणत्याही चर्चपाशी गेल्यावर लगेच आत शिरू नये. आधी पूर्वेच्या बाजूने पाहावे, कारण वेदी नेहमी पूर्वेला असते आणि तिच्यामागची भिंत अर्धगोलाकार फुगलेली दिसते. असे फुगवटे किती आहेत, घुमट किती आहेत आणि भिंतीचा माथा कसा संपतो, या तीन गोष्टींवरून वास्तूचा काळ बऱ्यापैकी ओळखता येतो. सोफियाला पाच घुमट आहेत, शिवाय जिन्याच्या मनोऱ्यावर सहावा. त्यांचा आकार योद्ध्याच्या शिरस्त्राणासारखा आहे. रशियन चर्च म्हटले की डोळ्यांसमोर येणारा कांद्यासारखा घुमट हा पुढच्या शतकांचा आहे. आपल्या शिखरांना जशी ग्रीवा असते, तशी इथल्या घुमटांनाही उंच गोल मान असते आणि तिच्यातल्या अरुंद खिडक्यांतून उजेड आत उतरतो. तो कुठे पडतो, हे आत गेल्यावर पाहायचे.

पश्चिमेच्या दारापाशी मात्र बैठक मारावी. इथली कांस्याची दारे जर्मनीतल्या माग्देबुर्ग येथे ११५२ ते ११५४ च्या सुमारास, पोलंडमधल्या प्वॉत्स्क शहराच्या बिशपसाठी ओतली गेली आणि पुढे नोव्हगोरोदला आली. दाराच्या डाव्या झडपेच्या अगदी तळाशी पाहावे: तिथे हातात हत्यारे घेतलेल्या कारागिरांच्या छोट्या मूर्ती आहेत. रिक्विन आणि वाइस्मुट हे जर्मन, आणि त्यांच्यामध्ये अब्राहम हा रशियन कारागीर, ज्याने ती दारे इथे जुळवली असे मानतात. बायबलमधल्या प्रसंगांच्या इतक्या गर्दीत ज्यांनी काम केले त्यांनीही स्वतःला कोपऱ्यात उभे करून घेतले, हे मला फार आवडते. वर सिंहाच्या तोंडाच्या कड्या आहेत आणि त्या सिंहांच्या जबड्यांत पापी माणसांची डोकी आहेत. मान मागे टाकून मधल्या सोनेरी घुमटाकडे पाहिले, तर क्रुसावर धातूचे कबूतर दिसते. ते उडून गेले तर शहर बुडेल, अशी समजूत आहे. दुसऱ्या महायुद्धात स्पॅनिश सैनिकांनी जुना क्रूस स्पेनला नेला होता. तो २००४ मध्ये परत आला आणि आता कॅथेड्रलच्या आत ठेवलेला आहे. वरचा नवा आहे.

हे चालते प्रार्थनास्थळ आहे. बायकांनी डोके झाकावे, पुरुषांनी टोपी काढावी. ओढणी बरोबर असली की काम भागते. पादत्राणे काढायची नसतात, आणि हात मात्र आपोआप चपलांकडे जातो. बसायला बाके नसतात, कारण उपासना उभ्यानेच होते. समोरची प्रतिमांनी भरलेली उंच भिंत म्हणजे आपल्या गर्भगृहाचा उंबरठा समजावा. तिच्यापलीकडे आपण जायचे नसते. डोळे अंधाराला सरावले की दक्षिणेच्या सज्जातले सम्राट कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांचे चित्र शोधावे. ते अकराव्या शतकातले असून कोरड्या गिलाव्यावर रंगवले आहे, म्हणून रंग इतका हलका आणि पारदर्शक वाटतो. भिंतींवर मध्ययुगीन लोकांनी टोकदार वस्तूने खरवडलेल्या प्रार्थनाही आहेत.

दुसऱ्या दिवशी पादचारी पुलावरून पलीकडे जावे. तिथला यारोस्लावचा चौक पाहताना १११३ चे संत निकोलसचे कॅथेड्रल आणि परदेशी व्यापार करणाऱ्यांनी १२०७ मध्ये बांधलेले पारास्केवा प्यात्नित्साचे चर्च यांच्यासाठी अर्धा तास पुरे. खरी वेळ इल्यिना रस्त्यावरच्या, येशूच्या रूपांतरणाच्या प्रसंगाला वाहिलेल्या चर्चसाठी राखून ठेवावी. हे १३७४ चे: एकच घुमट, एकच फुगवटा, भिंतीच्या माथ्याशी तीन पाकळ्यांसारखी कमान. ११३६ नंतर इथे राजपुत्राची सत्ता आटोक्यात आली आणि रस्ते, व्यापारी, श्रीमंत घराणी चर्च बांधू लागली, म्हणून ती आटोपशीर झाली. आतली चित्रे १३७८ मध्ये बोयार, म्हणजे सरदार, वासिली दानिलोविच आणि याच रस्त्याचे रहिवासी यांनी मिळून काढवून घेतली. गिरगावातल्या वाडीने वर्गणी काढावी तसाच हा प्रकार. चित्रकार होता फिओफान ग्रेक, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलकडून (आजचे इस्तंबूल) आलेला ग्रीक थिओफानिस.

अरुंद जिन्याने वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत जावे. तांबूस तपकिरी रंगावर त्याने पांढऱ्या रंगाचे मोजकेच फटकारे मारले आहेत: कपाळावर एक, गालाच्या हाडावर एक, बोटांच्या टोकांवर काही. इजिप्तचा मकारिओस हा तपस्वी तर डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा, तळवे आपल्याकडे उघडलेले, जणू उभी ज्योतच. इतक्या कमी रंगांत इतके काम झालेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आता दोन रात्रींचे कारण. दमट हवेत हे चर्च बंद ठेवतात. माझ्या पहिल्या खेपेला एका सहल कंपनीने नोव्हगोरोदसाठी अर्धा दिवस ठेवला होता, त्यात पाऊस भुरभुरला आणि आम्ही कुलूप पाहून परतलो. भिंतीला ओल धरली की रंगाचे काय होते, हे चाळीत राहिलेल्याला वेगळे सांगायला नको, म्हणून राग चर्चवर नव्हे, वेळापत्रकावर आला. ज्या दिवशी हवा कोरडी असेल त्या दिवशी हेच आधी उरकावे. समोरच सतराव्या शतकातले पाच घुमटांचे झ्नामेन्स्की कॅथेड्रल आहे. दोहोंच्या मध्ये उभे राहून आळीपाळीने पाहिले, तर तीनशे वर्षांत काय बदलले ते आपोआप कळते.

बांधकामाचे साहित्य उघडे पाहायचे असेल तर सोफिया बाजूला, कोझेव्हनिकी या कातडी कमावणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत, १४०६ चे पीटर आणि पॉल यांचे चर्च गाठावे. गिलावा नसल्याने विटा आणि दगड स्पष्ट दिसतात.

शेवटची अर्धी दुपार शहराबाहेरच्या नेरेदित्साला द्यावी. ११९८ मध्ये बांधलेले आणि पुढच्याच वर्षी चित्रांनी भरलेले हे छोटे चर्च १९४१ मध्ये तोफांच्या माऱ्यात उद्ध्वस्त झाले आणि युद्धानंतर पुन्हा उभारले गेले. चित्रांपैकी मात्र थोडाच भाग वाचला. इथे आतला बराच गिलावा कोराच आहे. त्या कोऱ्या जागांकडेही पाहावे आणि मग जिथे एखादा चेहरा किंवा वस्त्राची घडी उरली आहे, तिथे थांबावे.